साठीची बुद्धि

‘साठी बुद्धि नाठी’ ही म्हण मराठींत कोणीं रूढ केली हें सांगतां येणार नाहीं. पण ज्यानें केली त्याचा वाङ्मयाशीं फारसा परिचय नसावा. शंभर माणसांपैकीं नव्वदांस लागू पडली, कीं म्हण आपलें काम झालें असें समजते. उरलेल्या दहांची ती पर्वा करीत नाहीं. टीकाकाराचा संबंध मात्र बहुधा त्या दहांशींच येतो. ज्यांचें चिरंजीव पुस्तक केस पांढरे झाल्यावर लोकांच्या हातीं पडलें, अशा दोनतीन मराठी ग्रंथकारांचा विचार प्रस्तुत लेखांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे. हा विचार केवळ कुतूहलाचा नाहीं. उशिरा आलेल्या यशाविषयीं आपण जें बोलतों, त्यावरून आपल्या घरांतील वडीलधाऱ्या माणसांकडे, विशेषतः बायकांकडे, आपण कोणत्या दृष्टीनें पाहतों हें पुष्कळसें कळून येतें.

आपल्या वाङ्मयीन परंपरेचें मन मुळापासूनच अल्पवयाच्या बाजूला झुकलेलें आहे. आपल्या भाषेचा मुकुटमणि जी ज्ञानेश्वरी, ती १२९० सालीं सांगून झाली तेव्हां ज्ञानेश्वरांचें वय, परंपरेप्रमाणें, अवघें पंधरा वर्षांचें होतें. आणि १२९६ सालीं त्यांनीं समाधि घेतली. अर्वाचीन काळांत यावें, तर केशवसुत १९०५ सालीं चाळिशीच्या आंत गेले, बालकवि १९१८ सालीं अठ्ठाविसाव्या वर्षीं गेले, आणि गडकरी १९१९ सालीं चौतिसाव्या वर्षीं गेले. इंग्रजी वाङ्मय शिकलेल्या आमच्यासारख्यांनीं ह्या मालिकेंत पंचविसाव्या वर्षीं वारलेल्या किट्सची भर घातली. ह्या सर्वांचा परिणाम असा झाला, कीं प्रतिभा म्हणजे विजेसारखी वस्तु, ती क्षणभर चमकायची आणि नाहींशी व्हायची, असा एक समज आपल्या मनांत घट्ट बसला. चाळिशी उलटलेल्या माणसानें पहिलें पुस्तक लिहिलें, तर आपण त्याचें कौतुक करतों. पण तें कौतुक बरेंचसें नातवंडाबरोबर पळूं लागलेल्या आजोबांच्या कौतुकासारखें असतें.

हल्लीं ह्याच्या अगदीं उलट टोंकाची एक रीत पडलेली दिसते. प्रौढ वयांत यश मिळविलेल्या थोरांची एक यादी करावयाची, आणि निराश झालेल्या माणसापुढें ती ठेवून, ‘धीर धर, तुझीही वेळ येईल,’ असें सांगावयाचें. ह्या यादींत डीफो हटकून असतो; कारण ‘रॉबिन्सन क्रूसो’ १७१९ सालीं निघाली तेव्हां तो साठीच्या उंबरठ्यावर होता. सर्व्हान्टीस असतो, कारण १५४७ सालीं जन्मलेल्या ह्या स्पॅनिश शिपायाच्या ‘डॉन क्विक्झोट’चा पहिला भाग १६०५ सालीं बाहेर पडला. क्वचित् विल्यम डी मॉर्गन हाही असतो. आयुष्यभर चिनी मातीच्या रंगीत फरशा घडविणाऱ्या ह्या कारागिराची ‘जोसेफ व्हान्स’ ही पहिली कादंबरी १९०६ सालीं, म्हणजे त्याच्या सदुसष्टाव्या वर्षीं, प्रसिद्ध झाली.

यादी खरी आहे. परंतु तिच्यांतून जो अर्थ काढला जातो तो खरा नाहीं. डीफो साठाव्या वर्षीं एकाएकीं लिहूं लागला नव्हता. त्यापूर्वीं कित्येक वर्षें तो चोपडीं आणि वृत्तपत्रें ह्यांच्या द्वारें अखंड लिहीतच होता, आणि पाहिलेल्या गोष्टीप्रमाणें न पाहिलेली गोष्ट सांगण्याची जी त्याची हातोटी, ती त्या रोजच्या लेखनांत तयार झाली होती. सर्व्हान्टीसची ‘गालातेआ’ १५८५ सालींच निघाली होती. मधल्या वीस वर्षांत त्यानें सरकारी वसुलीची नोकरी केली, तुरुंग पाहिला, आणि स्पेनचे धुळीचे रस्ते पायांखालीं घातले. ह्यांपैकीं कोणाचीही ‘वेळ’ आपोआप आली नाहीं. ‘उशिरा फुललेलें फूल’ हा शब्दप्रयोग म्हणूनच आम्हांस मान्य नाहीं. फुलाला ऋतु असतो आणि तो बिनचूक येतो. माणसाच्या उशिराला कारणें असतात. तीं कारणें कोणतीं, हें पाहिल्यावांचून उशिराची स्तुति करणें किंवा कींव करणें हें दोन्ही सारखेंच उथळ होय.

हीं कारणें पाहण्याला १९३४ हें साल मोठें सोयीचें आहे. ह्या एकाच सालीं मराठींत दोन पुस्तकें निघालीं. एक ‘फुलांची ओंजळ’ हा कवितासंग्रह. त्याचे कर्ते नारायण मुरलीधर गुप्ते, ऊर्फ ‘बी’, १८७२ सालीं जन्मलेले, म्हणजे तेव्हां बासष्ट वर्षांचे. दुसरें ‘स्मृतिचित्रें’, त्याचा पहिला भाग त्या सालीं आला, आणि त्याच्या कर्त्या लक्ष्मीबाई टिळक १८६८ सालच्या, म्हणजे तेव्हां सहासष्ट वर्षांच्या. दोघांचेंही नांव ‘उशिरा यश मिळालेल्यांच्या’ यादींत सहज घालतां येईल. पण थोडें जवळ जाऊन पाहिलें, तर दोघांच्या उशिरांत जमीनअस्मानाचा फरक आहे.

‘बीं’ची पहिली कविता १८९१ सालची. तेव्हांपासून पहिला संग्रह निघेपर्यंत त्रेचाळीस वर्षें गेलीं. ह्या काळांत ते वऱ्हाडांत कारकुनी करीत होते आणि मधूनमधून मासिकांना कविता पाठवीत होते. तीही अशा टोपणनांवानें, कीं वाचकाला कवीचा ठावठिकाणा लागूं नये. ‘बी’ ह्या अक्षरांतून मराठी वाचकाला बीजाचा अर्थ ऐकूं आल्यावांचून राहत नाहीं, आणि तो योग्यही आहे. कारण स्वतःला मातीखालीं ठेवण्याचीच ह्या कवीची वृत्ति होती. त्यांची सगळी कविता ‘फुलांची ओंजळ’ आणि १९४७ सालचें ‘पिकलें पान’ ह्या दोन लहान संग्रहांत मावते.

आतां ह्या उशिराचें स्वरूप पाहूं. ‘बीं’चें पुस्तक उशिरा आलें, त्यांची कविता उशिरा आली नाहीं. ती तरुणपणापासून होत गेली, घासली गेली, आणि हातावेगळी झाली. १९३४ सालीं वाचकांस जें मिळालें तें साठीचें काव्य नव्हे. तें अनेक वयांचें काव्य साठीच्या वर्षांत एका पुठ्ठ्यांत बांधलेलें होतें. त्यांच्या कीर्तीला झालेला विलंब बराचसा त्यांच्या स्वतःच्या संकोचानें व चोखंदळपणानें झाला. संकोच हा गुण कीं दोष, ह्याचा निकाल ज्याचा त्यानें लावावा. परंतु अशा कवीला ‘उशिरा उमललेला’ म्हणणें म्हणजे पत्र उशिरा पोंचलें म्हणून तें उशिरा लिहिलें असें समजणें होय.

‘स्मृतिचित्रां’ची गोष्ट निराळी आहे, आणि तीच आमच्या मतें ह्या विषयाच्या गाभ्याची आहे.

लक्ष्मीबाईंचें चरित्र बहुतेक वाचकांस ठाऊक असेल. म्हणून येथें कामापुरतेंच सांगतों. नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांची ही मुलगी. वडिलांना सोवळ्याचें विलक्षण वेड. बाजारांतून आलेली वस्तु धुतल्यावांचून घरांत यावयाची नाहीं, असा घरचा शिरस्ता. अकराव्या वर्षीं तिचें लग्न नारायण वामन टिळकांशीं झालें. टिळक कवि, उदार, तापट आणि लहरी. घरांतून कधीं निघून जातील आणि कधीं परत येतील ह्याचा नेम नाहीं. बायकोला लिहायवाचायला त्यांनींच शिकविलें. शाळेचें तोंड तिनें पाहिलें नव्हतें. १८९५ सालीं टिळकांनीं ख्रिस्ती धर्म स्वीकारला. पुढें कांहीं वर्षें नवराबायकोची ताटातूट झाली. मग दोघें पुन्हां एकत्र आलीं, तरी लक्ष्मीबाईंनीं आपलें सोवळेंओवळें एकदम टाकलें नाहीं. तें त्यांनीं स्वतःच्या विचारानें, एकेक पायरी उतरत टाकलें, आणि १९०० सालीं बाप्तिस्मा घेतला. १९१९ सालीं टिळक वारले. त्यानंतर पंधरा वर्षांनीं हें पुस्तक निघूं लागलें. चार भागांत तें पुरें झालें. १९३६ च्या फेब्रुवारींत लक्ष्मीबाई वारल्या.

आतां वाचकांनीं एक कल्पना करून पाहावी. हेंच पुस्तक १९०० सालीं लिहिलें गेलें असतें तर काय झालें असतें? धर्मांतराचा वाद तेव्हां ताजा होता. सासरमाहेरच्या जखमा ओल्या होत्या. बत्तीस वर्षांच्या त्या बाईच्या हातून एक तर कैफियत लिहिली गेली असती, नाहीं तर फिर्याद. मग १९१९ सालीं, टिळकांच्या मृत्यूनंतर लागलींच लिहिलें असतें तर? तर तो विलाप झाला असता, आणि विलापांत मृताचे दोष सांगतां येत नाहींत. १९३४ सालच्या पुस्तकांत कैफियत नाहीं, फिर्याद नाहीं आणि विलापही नाहीं. टिळकांचा संताप, त्यांचें विसराळूपण, हातांत आलेला पैसा दुसऱ्याला देऊन टाकण्याची त्यांची खोड, हें सारें तेथें आहे. आणि त्याच पानांवर त्यांचा मोठेपणाही आहे. नवरा एकाच वेळीं हास्यास्पद आणि थोर दिसूं शकतो, ही गोष्ट मराठी गद्यांत इतक्या निर्मळपणें त्यापूर्वीं कोणीं दाखविली होती, असें आम्हांस आठवत नाहीं. ह्यासाठीं जें अंतर लागतें तें बुद्धीनें उत्पन्न करतां येत नाहीं. तें वर्षांनींच पडतें.

कथनाची घडण पाहिली तरी हेंच दिसतें. ‘स्मृतिचित्रां’त दोन वयें एकत्र नांदतात. पाहणारी बहुधा लहान मुलगी किंवा तरुण सून असते. सांगणारी मात्र साठी उलटलेली बाई असते. मुलगी घाबरते, रुसते, रागावते. म्हातारी तिचें भय खोटें ठरवीत नाहीं, पण त्यांत बुडूनही जात नाहीं. ती मधूनच एखादें लहानसें वाक्य टाकते, आणि प्रसंग हलका होतो. ह्या विनोदाचें पहिलें लक्ष्य बहुतेक वेळां ती स्वतःच असते. आपल्या सोवळ्याचें, आपल्या अज्ञानाचें, आपल्या हट्टाचें हंसें ती आधीं करते. मग दुसऱ्यांचें केलें तर कोणाला बोचत नाहीं. तरुण लेखक स्वतःला हंसतो तेव्हांही त्याचा एक डोळा वाचकाकडे असतो, असें आम्हांस पुष्कळदां दिसलें आहे. लक्ष्मीबाईंना वाचकाकडून कांहीं मिळवायचें उरलेलें नव्हतें. त्यांच्या विनोदाचा मोकळेपणा बराचसा त्यांतून आला आहे.

येथें रमाबाई रानड्यांच्या ‘आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी’ ह्या पुस्तकाशीं तुलना करण्यासारखी आहे. तें १९१० सालचें. रमाबाई तेव्हां अठ्ठेचाळीस वर्षांच्या होत्या आणि माधवरावांना जाऊन नऊच वर्षें झालीं होतीं. तें पुस्तक सुंदर आहे. त्याच्याविषयीं आमच्या मनांत आदर आहे. परंतु त्यांत रमाबाई सदैव पतीच्या मागें दोन पावलें उभ्या असतात. आठवणी त्यांच्या, पण प्रकाश सगळा त्याच्यावर. ‘स्मृतिचित्रां’त लक्ष्मीबाई टिळकांच्या शेजारीं उभ्या आहेत, आणि वेळप्रसंगीं समोरही. हा फरक दोघींच्या स्वभावांतला आहे, परिस्थितींतला आहे, हें आम्ही नाकारीत नाहीं. पण त्यांत वयाचा आणि अंतराचाही वांटा आहे, असें आमचें मत आहे.

आणखी एक पुरावा लक्ष्मीबाईंच्याच लेखनांतून मिळतो. टिळकांनीं ‘ख्रिस्तायन’ हें ओवीबद्ध महाकाव्य आरंभिलें होतें. सुरुवातीचे अध्याय त्यांच्या हातून झाले आणि ते गेले. पुढचे चौसष्ट अध्याय लक्ष्मीबाईंनीं रचले. ज्या बाईला अक्षरओळख लग्नानंतर झाली, तिनें उतारवयांत चौसष्ट अध्याय ओव्या रचाव्या, हा पराक्रम लहान नव्हे. तथापि आज ‘ख्रिस्तायन’ वाचणारे थोडे आणि ‘स्मृतिचित्रें’ वाचणारे पुष्कळ, ही वस्तुस्थिति आहे. १९५० सालीं त्याचा बराच भाग इंग्रजींत गेला, आणि २०१७ सालीं शांता गोखल्यांनीं तें पुनः संपूर्ण इंग्रजींत आणलें. एकाच लेखिकेचीं हीं दोन कामें, वय जवळजवळ एकच. मग हा भेद कां? आमच्या मतें उत्तर सरळ आहे. महाकाव्याचा आराखडा पतीचा होता आणि त्याची भाषा ग्रंथांतली होती. तेथें लक्ष्मीबाई एक व्रत पुरें करीत होत्या. आठवणींसाठीं त्यांना कोणाचा आराखडा मिळाला नव्हता. तेथें त्यांनीं ओसरीवरची, चुलीपुढची, रोजच्या बोलण्यांतली मराठी उचलली, आणि तिला कागदावर तशीच बसूं दिली. वयाबरोबर आपोआप यश येत असतें, तर तें दोन्ही पुस्तकांना सारखें आलें असतें. यश आलें तें स्वतःचा आवाज सांपडला तेथें.

ह्या आवाजाविषयीं एक गैरसमज दूर करणें अवश्य आहे. आमचे विद्यार्थी ह्या पुस्तकाची स्तुति करतांना ‘साधेपणा’ हा शब्द हटकून वापरतात; अनेक टीकाकारांनींही तो वापरला आहे. बाई शिकलेल्या नव्हत्या, म्हणून कृत्रिमता नाहीं. मनांत आलें तें लिहिलें आणि तें आपोआप सुंदर झालें, असा त्याचा गर्भितार्थ. हें आम्हांस पटत नाहीं. प्रसंग कोठें सुरू करावा, कोणाच्या तोंडीं कोणतें वाक्य घालावें, रडूं येईल अशा जागीं कोठें थांबावें, हें ज्याला कळतें तो साधा नव्हे. त्याला आपली कला येते. ही कला लक्ष्मीबाई कोठें शिकल्या, हें त्यांचेंच पुस्तक सांगतें. टिळकांचें घर म्हणजे माणसांचा राबता: विद्यार्थी, कवि, अनाथ मुलें, दुष्काळांतून आलेलीं पोरें. अशा घरांत गोष्टी सांगाव्या लागतात आणि ऐकाव्या लागतात. लेखणी हातीं येण्यापूर्वीं चाळीस वर्षें ज्या बाईनें बोलून गोष्ट रंगविली, तिला नवशिकी म्हणणें म्हणजे केवळ शाईनें केलेल्या कामालाच काम समजणें होय.

ह्या घरांत येऊन राहिलेल्या कवींत एक बालकवि होते. नगरला टिळकांच्या घरीं त्यांना मुलासारखी माया मिळाली. ते लक्ष्मीबाईंहून बावीस वर्षांनीं लहान. त्यांचें सगळें काव्य लिहून झालें, १९१८ सालीं रेल्वेच्या अपघातांत त्यांचा अंतही झाला, आणि त्यानंतर सोळा वर्षांनीं त्यांना जेवूं घालणाऱ्या ह्या बाईचें पुस्तक निघालें. एकाच छपराखालीं वाढलेल्या ह्या दोन प्रतिभा पाहिल्या म्हणजे प्रतिभेला एकच वय असतें हा समज टिकत नाहीं. बालकवींच्या निसर्गकवितेला पहिल्यानेंच जग पाहणारे डोळे हवे होते. तें काव्य साठाव्या वर्षीं झालें नसतें. ‘स्मृतिचित्रां’ना जग पाहून झालेले डोळे हवे होते, तें गद्य विसाव्या वर्षीं झालें नसतें. कोणत्या वाङ्मयप्रकाराला कोणतें वय मानवतें, हा प्रश्न आपल्या टीकाशास्त्रानें अजून नीट हातीं घेतलेला नाहीं, आणि तो घेण्यासारखा आहे.

येथवर आम्हीं उशिराची बाजू मांडली. पण येथेंच थांबलों, तर ज्या यादी करणाऱ्यांस आम्हीं नांवें ठेविलीं, त्यांच्याच पंक्तीस आम्ही बसूं. कारण लक्ष्मीबाईंच्या उशिरांतला सगळाच उशीर कलेला लागणारा नव्हता. कांहीं उशीर त्यांच्यावर लादला गेला होता. त्यांना अक्षरें मिळालीं तीं नवरा टिळकांसारखा मिळाला म्हणून. दुसऱ्या घरीं पडल्या असत्या तर तींही मिळालीं नसतीं. १९०१ सालच्या खानेसुमारीप्रमाणें हिंदुस्थानांत लिहितांवाचतां येणाऱ्या बायकांचें प्रमाण शेंकडा एकीहूनही कमी होतें. ‘स्मृतिचित्रें’ निघण्याच्या आधींच्या, १९३१ सालच्या खानेसुमारींत तें शेंकडा तिघींच्या आसपास पोंचलें होतें. त्या काळीं देशांतलें सरासरी आयुर्मान तीस वर्षांच्याही आंत होतें. म्हणजे आपल्या गोष्टीला हवें असलेलें वय गांठणारी बाई विरळा, आणि त्या वयांत हातीं लेखणी असलेली बाई त्याहून विरळा. ह्या दोन विरळ गोष्टी एका ठिकाणीं जमल्या तेव्हां एक ‘स्मृतिचित्रें’ झालें. ज्या ठिकाणीं त्या जमल्या नाहींत, तेथें काय गेलें ह्याचा हिशेब कोणाच्याच वहींत नाहीं.

ह्या हिशेबाची थोडीशी कल्पना बहिणाबाई चौधरींवरून येते. खानदेशांत असोद्याला जन्मलेल्या, जळगांवीं नांदलेल्या ह्या शेतकरी बाईला अक्षरओळख नव्हती. जातें ओढतांना आणि शेतांत राबतांना त्यांनीं गाणीं रचलीं. त्यांचे चिरंजीव सोपानदेव, जे स्वतः कवि होते, आणि आप्त पितांबर चौधरी ह्यांनीं तीं उतरून घेतलीं, म्हणून तीं राहिलीं. बहिणाबाई १९५१ च्या डिसेंबरांत वारल्या; अत्र्यांच्या प्रस्तावनेसह त्यांचीं गाणीं १९५२ सालीं पुस्तकरूपानें निघालीं, आणि महाराष्ट्र थक्क झाला. ह्याला उशिरा मिळालेलें यश म्हणावयाचें काय? आम्हांस तसें म्हणवत नाहीं. बहिणाबाईंचें काव्य वेळेवर झालें होतें. उशिरा पोंचलों ते आपण. शिवाय त्यांच्या घरांत उतरून घेणारा कवि होता. शेजारच्या घरांत जात्यावर बसणारी जी दुसरी होती, तिच्या घरीं तसा कोणी असेलच असें नाहीं.

म्हणून उशिरा आलेल्या यशाचे आम्ही तीन प्रकार करतों, आणि वाचकांनीं ते एकमेकांत मिसळूं नयेत अशी आमची इच्छा आहे. पहिला ‘बीं’चा: काम वेळेवर झालें, कर्त्यानें तें संकोचानें झांकून ठेवलें. दुसरा बहिणाबाईंचा: काम वेळेवर झालें, समाजाला तें पाहण्याची दृष्टि व साधन नव्हतें. तिसरा ‘स्मृतिचित्रां’चा: काम मुळांतच उतारवयाचें होतें, आणि वयानेंच त्याला त्याचा रंग दिला. खरें म्हटलें तर उशीर ह्या तिसऱ्यांतच सफल झाला आहे. पहिल्यांत तो निरुपद्रवी आहे, आणि दुसऱ्यांत तो निखालस अन्याय आहे. अन्यायाला आपण ‘योग्य वेळीं उमलणें’ असें गोड नांव दिलें, म्हणजे अन्याय करणाऱ्याची सुटका होते आणि सोसणाऱ्याच्या पदरांत एक उपदेश पडतो. हा व्यवहार टीकाकारानें तरी करूं नये.

ज्या तरुण वाचकांस आपलें नांव अजून कोठें छापून आलें नाहीं म्हणून उदास वाटतें, त्यांस ह्या विवेचनांतून दिलासा मिळाला तर आम्हांस आनंदच आहे; मात्र तो दिलासा स्वस्थ बसण्याचा नव्हे. लक्ष्मीबाई सहासष्टाव्या वर्षापर्यंत स्वस्थ बसल्या नव्हत्या. त्यांनीं संसार केला, परकीं पोरें वाढविलीं, ओव्या रचल्या, आणि रोज कोणाला तरी कांहीं तरी सांगितलें. त्यांच्या पुस्तकाच्या मागें हा सगळा सराव उभा आहे.

पण आमची खरी विनंति ज्यांच्या घरांत सत्तरीची आई, मावशी किंवा आत्या आहे, त्यांस आहे. तिला आज लिहितां येतें. लक्ष्मीबाईंच्या पिढीची अडचण बहुतेक मध्यमवर्गीय घरांतून गेली आहे. दुसरी अडचण मात्र अद्याप गेलेली नाहीं. ती अशी, कीं तिला सांगण्यासारखें कांहीं असेल असें घरांतल्या कोणासच वाटत नाहीं, आणि म्हणून तिला स्वतःलाही वाटेनासें होतें. तिच्या हातीं एक वही द्यावी. तिनें लिहिलेलें शुद्ध करीत बसूं नये, आणि तिला महाराष्ट्राचा इतिहास लिहिण्याचा आग्रह करूं नये. तिच्या सासूचा स्वभाव, तिच्या लहानपणची विहीर आणि तिनें कोणालाच न सांगितलेला एखादा राग, एवढें तिनें लिहिलें तरी पुरे. त्यांतून ‘स्मृतिचित्रें’ होईल असें नाहीं. न होण्याचाच संभव अधिक. परंतु ज्या साठीला आपण म्हणीनें निकालांत काढलें होतें, तिच्यापाशीं काय आहे हें निदान पाहिल्यासारखें तरी होईल.